आखाजीची घागर कॅथलिक घरात: पितरांची आठवण कशी ठेवावी आणि मूर्तिपूजेच्या आरोपाला काय उत्तर द्यावं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली की धुळे-जळगावच्या बाजारात मातीच्या घागरींचे ढीग लागतात आणि अर्धं घर हिंदू, अर्धं कॅथलिक असलेल्या कुटुंबात जुना प्रश्न पुन्हा वर येतो: घागर भरायची की नाही? भाऊबंद म्हणतात, "पितर उपाशी ऱ्हातीन." प्रार्थना मंडळात जाणारे बिलीव्हर शेजारी म्हणतात, घागर भरली की मूर्तिपूजा झालीच. दोघांच्या कात्रीत सापडलेला माणूस एक तर सगळंच सोडून देतो, नाहीतर सगळं गुपचूप करतो. सोडून देणाऱ्याला घर तुटल्यासारखं वाटतं आणि गुपचूप करणाऱ्याला वर्षभर टोचणी राहते. खरं तर या दोन्हींच्या मधे बरीच जागा आहे, फक्त ती नीट मोजून घ्यावी लागते.

मोजायचं कशाने

कॅथलिक चर्चने हा प्रश्न एकदा फार महागात सोडवलेला आहे. चीनमध्ये घरोघरी पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाट्या असत. त्यांच्यापुढे लोक मान लववत, ऊद जाळत, जेवण ठेवत. जेझुइट संघाचे मिशनरी मात्तेओ रिची (१५५२–१६१०) आणि त्यांच्यामागून आलेल्या बहुतेक जेझुइटांनी याला आईबापांचा आदर मानलं. डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी याला पूजा ठरवलं. रोमने १७०४ आणि १७१५ मध्ये बंदी घातली, १७४२ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी ती आणखी आवळली आणि जवळजवळ दोनशे वर्षं मामला तिथेच अडला. शेवटी ८ डिसेंबर १९३९ रोजी, बारावे पायस पोप असताना, बंदी उठली. मृताच्या देहापुढे, त्याच्या चित्रापुढे किंवा नुसतं नाव लिहिलेल्या पाटीपुढे मान लववणं हा नागरी आदर आहे आणि तो योग्यच आहे, असं तेव्हा ठरलं.

यातला 'नुसतं नाव' हा शब्द धरून ठेवा. पाटीवर 'आत्म्याचं आसन' अशा अर्थाची अक्षरं असली, म्हणजे आत्मा इथे येऊन बसतो असं मानलं गेलं, की तिथे अडचण सुरू होई. बंदीच्या काळातही निव्वळ नावाच्या पाटीला थोडी सूट होती, आसनाला कधीच नव्हती. आपल्याकडचा फोटो, टाक, घागर, पाट या सगळ्यांना हीच कसोटी लावा: ही वस्तू नाव सांगते की आसन बनते?

दुसरी कसोटी मराठीतच आहे. जे करताय त्याचं वाक्य करून बघा. 'पितरांसाठी' प्रार्थना, 'पितरांसाठी' मिस्सा (चर्चमधली ख्रिस्तप्रसादाची उपासना), 'पितरांच्या नावाने' दान ही वाक्यं सरळ बसतात. 'पितरांना' निवद, 'पितरांना' नवस, 'पितरांना' कौल अशी वाक्यं व्हायला लागली की थांबा. मेलेल्या आईला 'माझ्यासाठी देवाकडे प्रार्थना कर' म्हणणं चालतं, कारण मागणं शेवटी देवाकडेच जातं. 'माझं काम कर, नाहीतर तुला जेवण नाही' हे चालत नाही.

तिसरी कसोटी बघणाऱ्याची. तुमच्या मनात काहीही असो, ओसरीत बसलेल्या दहा वर्षांच्या पोराला यातून काय समजलं? संत पौलाने करिंथकरांना लिहिलं ते याच अंगाने: समोर वाढलेलं बिनघोर खा, पण 'हे मूर्तीला वाहिलेलं आहे' असं कुणी मुद्दाम सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका (१ करिंथ १०).

एक सावधगिरी. '१९३९ मध्ये चर्चने पितृपूजेला परवानगी दिली' असं लोक सर्रास ठोकून देतात. तसं झालेलं नाही. तो निर्णय चीनपुरता होता आणि त्याचं कारणही त्यात दिलेलं आहे: काळाच्या ओघात त्या रीतींचा धार्मिक अर्थ गळून त्या नागरी उरल्या होत्या. आपल्याकडच्या श्राद्धात संकल्प आहे, मंत्र आहेत, पिंड आहे. तो जिवंत धार्मिक विधी आहे. त्याला 'नुसती संस्कृती' म्हणणं म्हणजे करणाऱ्या हिंदू माणसाचाही अपमान आहे.

आखाजी: घागर, आगारी आणि पितराचं ताट

खानदेशातल्या आखाजीत तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर आंबा, खरबूज, सांजोरी. मग आगारी, म्हणजे पेटत्या गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकणं आणि भोवती पाणी फिरवणं. आणि पितर म्हणून एखाद्या माणसाला बसवून जेवू घालणं. लोक या तिन्हींना एकच समजतात म्हणून गोंधळ होतो. वेगवेगळ्या करून पाहिल्या की उत्तर सोपं होतं.

घागर ठेवता येते, कारण मुळात ते वैशाखातलं जलदान आहे. खानदेशात त्या दिवसांत पारा ४३–४४ अंशांवर असतो. त्या उन्हात पाणी देण्याला कुठल्या चर्चची हरकत असेल? ती अशी ठेवा.

१. घागर दोन दिवस आधी आणा. रात्रभर काठोकाठ भरून ठेवा आणि सकाळी ते पाणी झाडाला घाला. कोरी घागर पहिल्या दिवशी पाझरते आणि पाण्याला मातीचा वास येतो. हे पाणी माणसांनी प्यायचं आहे, त्यामुळे हा भाग टाळू नका.

२. क्रूस किंवा मारियामातेची प्रतिमा असलेल्या कोनाड्यात घागर मांडू नका. ओट्यावर किंवा ओसरीत, चुंबळीवर किंवा तिवईवर ठेवा. शेजारी कागदावर घरातल्या मृतांची नावं लिहा, बाप्तिस्मा झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही. फोटो असेल तर हार घाला. कपाळावर कुंकू लावू नका, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ लगेच पूजेकडे जातो.

३. पणती किंवा समई लावा. मेणबत्तीच हवी असं नाही. भारतातल्या उपासनेसाठी २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने मान्य केलेल्या बारा मुद्द्यांत तेलाचे दिवेही आहेत आणि आरतीही. उदाचंही तेच: कॅथलिक अंत्यविधीत शवपेटीलाही धूप दाखवतात. नुसत्या उदबत्तीने कुणी मूर्तिपूजक होत नाही.

४. घरातल्या मोठ्या माणसाने बायबलमधला एक उतारा वाचावा. योहान ११:२५ पुरेसा आहे, वेळ असेल तर शलमोनाच्या ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय, पहिल्या नऊ ओव्या. नावं मोठ्याने घ्या. एक 'आमच्या बापा', एक 'नमो मारिया', आणि प्रभू यांना सार्वकालिक विसावा देवो अशी प्रार्थना. पाच-सात मिनिटांत आवरा. लांबलं की पोरं झोक्याकडे पळतात, आणि आखाजीला झोका जास्त महत्त्वाचा आहे हे पोरांना माहीत असतं.

५. घागर घरात ठेवून देऊ नका. स्टँडजवळ, शेताच्या वाटेवर, जिथे माणसं थांबतात तिथे झाकण आणि ओगराळं लावून ठेवा. रोज भरायची जबाबदारी एकाच्या अंगावर टाका, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती कोरडी पडते.

आगारी करू नका. तिचा अर्थ एकच आहे: अग्नीतून घास पितरांपर्यंत पोहोचतो. अनुवाद २६:१४ मध्ये इस्राएली माणूस देवापुढे कबुली देतो की आपल्या दशमांशातलं काहीही मृतांना दिलेलं नाही. 'मनात तसं काही नाही, भाऊबंदांना बरं वाटावं म्हणून टाकतो' ही पळवाट इथे लागू पडत नाही. ही कृती स्वतःच बोलते आणि सगळे तिचं बोलणं ओळखतात. तोच घास माणसाच्या ताटात जाऊ द्या. पुरणपोळी, आमरस, कढी-भजी जे केलं असेल त्याचं पहिलं ताट बाहेर काढा: गावात एकटी राहणारी म्हातारी, वीटभट्टीवरचं कुटुंब, शेतातला सालदार. ताट वाढून रिकाम्या पाटासमोर ठेवू नका. तेच आसन झालं.

चुलत्यांकडे जेवायला बोलावलं तर जा. पंगतीत बसा, खा, बायका वाढत असतील तर वाढायला हात लावा. पण 'तू आमचा पितर म्हणून बस' असं म्हटलं तर नाही म्हणा. त्या पाटावर बसणाऱ्याचे पाय धुतात, टिळा लावतात, आणि तो त्या दिवसापुरता मेलेल्याच्या जागी असतो. नकार कसा द्यायचा हेही महत्त्वाचं आहे. सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, धर्माचं व्याख्यान देऊन नाही. आठ दिवस आधी एकट्या चुलत्याला सांगा: "काका, मी पंगतीला येतो, वाढायला उभा राहतो, पाटावर दुसऱ्या कुणाला बसवा." बहुतेक काका ऐकतात. ऐन वेळी उठून गेलेल्या पुतण्याला मात्र कोणी विसरत नाही.

पितरपाटा आणि दहावा-तेरावा

भाद्रपदात तिथीला गंगाफळाची भाजी, गिलक्याची भजी, उडदाचे वडे, खीर, कढी होतेच. आईच्या तिथीला आईच्या आवडीचं करून जेवणं यात दोष नाही. दोष कावळ्यापाशी येतो. पाखरांना घास टाकणं वेगळं आणि कावळा शिवतो का याची वाट बघत गच्चीवर उभं राहणं वेगळं. दुसऱ्यात मृताची इच्छा ओळखायचा प्रयत्न आहे. शकुन पाहणं, मृतांना विचारणं हे कॅथलिक धर्मशिकवणीत (परिच्छेद २११६) स्पष्ट नाकारलेलं आहे. घास टाकायचाच तर टाका आणि मागे वळा.

हिंदू वडील वारले आणि कॅथलिक मुलगा एकुलता असेल तर खरी पंचाईत होते. खांदा देणं, स्मशानात उभं राहणं, दहाव्याला नदीवर जाणं, तेराव्याचं जेवण घालणं, त्याचा खर्च उचलणं ही मुलाची कर्तव्यं आहेत. दहा आज्ञांतली चौथी आज्ञा आईबापांचा मान राखायला सांगते, त्यांचा धर्म कोणता हे विचारत नाही. दहनालाही अडचण नाही, १९६३ पासून चर्च ते स्वीकारतं. पिंडदानाचा यजमान होणं, संकल्प सोडणं हे मात्र चुलतभावाकडे जाऊ द्या. अग्नी देण्याबद्दल, मुंडनाबद्दल प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी असते. आधीच फादरांशी बोलून घ्या. मरणाच्या दिवशी फोन लावलात तर फादर घाईत उत्तर देणार आणि तुम्ही अर्धंच ऐकणार.

उलट प्रसंगही येतो. कॅथलिक माणूस वारला, दहन झालं आणि भाऊबंद अस्थी प्रकाशाला तापीत सोडायला निघाले. इथे नियम कडक आहे. रोमच्या २०१६ च्या सूचनेनुसार कॅथलिक व्यक्तीची राख नदीत किंवा वाऱ्यावर सोडायची नाही, भावंडांत वाटायची नाही, घरीही ठेवायची नाही. दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या पवित्र जागी ठेवायची. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने थोडी मोकळीक दिली: राखेचा छोटा भाग मृताच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठिकाणी ठेवण्याची विनंती विचारात घेता येते. पण विसर्जन अजूनही नाही. म्हणून हे आजारपणातच ठरवून, दोन भाऊबंदांसमोर सांगून ठेवावं.

टाक

देवघरातल्या चांदीच्या टाकांवर फार चुका होतात. बाप्तिस्मा झाल्यावर कुणी ते मोडीत घालतो, कुणी नदीत फेकतो, आणि एखादा प्रचारक ते सगळ्यांसमोर हातोड्याने ठोकायला लावतो. हे शेवटचं अजिबात करू नका. इफिसात दंगल झाली तेव्हा नगरलेखकानेच पौलाच्या सोबत्यांबद्दल साक्ष दिली की यांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). दुसऱ्याच्या देवाचा टाक ठेचणं हा विश्वासाचा पुरावा नाही.

कुलदैवताचा टाक पूजेत ठेवता येत नाही. तो ज्या भावाच्या घरी कुलाचार चालू आहे त्याच्या हातात सन्मानाने द्या. कानबाईचे रोटही त्याच घरी. कानबाई देवी आहे, पितर नव्हे, तिथे 'आदर' हा शब्द पुरत नाही. पूर्वजांचा टाक असेल आणि त्याला आजवर निवद दाखवला जात असेल, तर तोही भावाकडेच जावा. त्याच्या जागी त्या माणसाचं नाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि फोटो लावा. नाव चालतं, आसन नाही, हे इथे शब्दशः लागू होतं. सातपुड्याच्या बाजूला भिल, पावरा कुटुंबांत पूर्वजांच्या नावाचे दगड असतात. त्यांना हात लावू नका. बाप्तिस्मा घेतलेल्याने तिथे कोंबडं किंवा दारू वाहायची नाही, पण तिथे उभं राहून देवाकडे प्रार्थना करायला कुणी अडवलेलं नाही.

'पितर आडवे आले' आणि त्याचा ख्रिस्ती मुखवटा

मूल होत नाही, बोअरला पाणी लागत नाही, केळीवर रोग पडला, की भगताकडे नाहीतर त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी जायचा सल्ला मिळतो. कॅथलिक माणसाने ते करायचं नाही, पैसे देऊन दुसऱ्याकरवी करवूनही घ्यायचं नाही.

पण जास्त फसगत दुसरीकडे होते. काही प्रार्थना शिबिरांत 'तुमच्या पणजोबांनी मूर्तिपूजा केली, तो शाप वंशात उतरला आहे' असं सांगून वंशवेल काढायला लावतात आणि पिढी-दर-पिढी शाप तोडतात. हा पितृदोषच आहे, फक्त मंत्र बदललेले. फ्रान्सच्या बिशपांनी २००७ मध्ये आणि स्पेनच्या बिशपांच्या सैद्धान्तिक आयोगाने २०२४ मध्ये याविरुद्ध लेखी इशारा दिला आहे. पाप वैयक्तिक असतं, वारसाहक्काने येत नाही. मूळ पाप तेवढं सगळ्या मानवजातीचं, आणि त्यावर बाप्तिस्मा आहे. यहेज्केलचा १८ वा अध्याय याच प्रश्नावर आहे: मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. शिबिरवाल्याने आजोबांच्या देवांची यादी मागितली की चप्पल घाला आणि घरी या.

आरोप आला तर

'तुम्ही कॅथलिक मेलेल्यांची पूजा करता' हे नवापूर-नंदुरबारकडे जास्त ऐकू येतं, कारण तिथे प्रोटेस्टंट मंडळ्या बऱ्याच जुन्या आहेत. निम्मा घोटाळा मराठीने केलेला आहे. आपण पुस्तकांची पूजा करतो, बैलांची करतो, खंडेनवमीला ट्रॅक्टरचीही करतो. एकच शब्द आराधनेलाही आणि आदरालाही. इ. स. ७८७ च्या नायसिया धर्मपरिषदेने हा फरक ठरवून दिला: आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मिळतो तो सन्मान, आणि तो प्रतिमेत न अडकता जिची प्रतिमा आहे त्या व्यक्तीकडे जातो. म्हणून स्वतःच्या तोंडून 'पितरांची पूजा', 'मारियेची पूजा' असे शब्द काढून टाका. निम्मा वाद तिथेच मिटतो.

मूर्ती करू नका म्हणून निर्गम २० पुढे केलं तर निर्गम २५:१८ वाचून दाखवा. त्याच देवाने कराराच्या कोशावर सोन्याचे करूब बसवायला सांगितले. बंदी प्रतिमा बनवण्यावर नव्हे, तिला देव करण्यावर आहे. मृतांसाठी प्रार्थनेचा सर्वात स्पष्ट दाखला मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात (१२:३८–४६) आहे, आणि तो आपल्या विषयाला चपखल बसतो. लढाईत पडलेल्या यहुदी शिपायांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडले. त्यांचा सेनापती यहूदा याने त्यांना टाकून दिलं नाही. सैनिकांकडून २,००० चांदीच्या द्राख्मा गोळा करून त्यांच्या पापासाठी यज्ञ व्हावा म्हणून यरुशलेमला पाठवल्या. मात्र समोरचा प्रोटेस्टंट असेल तर हा ग्रंथ त्याच्या बायबलमध्ये नाही, हे लक्षात ठेवा. त्याच्यावर तो पुरावा म्हणून फेकू नका, वाद ग्रंथसंख्येकडे घसरतो आणि संध्याकाळ जाते.

आणि आरोप खरा असेल तर मान्य करा. कॅथलिक घरातही संत अंतोनीची मूर्ती हरवलेली वस्तू सापडेपर्यंत उलटी ठेवणारे लोक आहेत. त्याला भक्ती म्हणून झाकू नये.

मिस्सा आणि नोव्हेंबर

घागर, ताट, फोटो हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट करायचीच: मृतांसाठी मिस्सा. ती हिंदू आजोबांसाठीही करता येते. धर्मगुरूला कुणाही जिवंत किंवा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे (कॅनन ९०१), आणि ही गोष्ट खानदेशातल्या फार थोड्या घरांना माहीत आहे. मिस्सेचं दान ही किंमत नव्हे. ऐपत नसेल तर तसं सांगा, गरिबांच्या हेतूसाठी दानाशिवायही मिस्सा करावी असं धर्मगुरूंना सांगितलेलं आहे.

धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. चर्चमधली अंतरं मोठी आहेत आणि गावोगावच्या छोट्या प्रार्थनास्थळांत फादर ठरल्या दिवशीच येतात. म्हणून आईच्या तिथीची मिस्सा हवी असेल तर पंचांग बघून इंग्रजी तारीख काढा आणि महिनाभर आधी द्या. 'भाद्रपद वद्य नवमी' एवढंच सांगितलं तर केरळहून किंवा वसईहून आलेले फादर नुसतं बघत राहतात.

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. दिवाळीच्या मागेपुढे येतो, त्यामुळे झेंडू स्वस्तात मिळतो. कबर दोन दिवस आधी साफ करा, पावसाळ्यातलं गवत मुळासकट उपटा, क्रुसाला चुना द्या. चुना आदल्या संध्याकाळी दिला तर सकाळी हारांना लागतो. मेणबत्ती उघड्यावर टिकत नाही. खोल पणतीत किंवा कापलेल्या डब्यात ठेवा. १ ते ८ नोव्हेंबरमध्ये दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, सोबत पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपच्या हेतूसाठी प्रार्थना झाली आणि पापाची ओढ मनातून सोडली, तर मृतांसाठी पूर्ण दंडमुक्ती (माफ झालेल्या पापाची उरलेली शिक्षा माफ होणं) मिळते, दिवसाला एक.

कबरीवर नारळ, पेढा, दारूचा घोट ठेवू नका. चौथ्या शतकात मिलानमध्ये संत ऑगस्टिनची आई संत मोनिका हुतात्म्यांच्या कबरींवर लापशी, भाकरी आणि द्राक्षरस घेऊन जात होती, तिच्या आफ्रिकेतल्या गावची रीत होती ती. दारावरच्या माणसाने अडवलं: बिशप आंब्रोज यांनी मनाई केली आहे, कारण ते रोमी लोकांच्या पितरपूजेसारखं दिसतं आणि पिणाऱ्यांना निमित्त होतं. तिने वाद घातला नाही. पुढे ती टोपलीऐवजी प्रार्थना घेऊन कबरींकडे जाई आणि जमेल तेवढं गरिबांना देई. ३८७ मध्ये ओस्तियाला मरताना तिने मुलांना सांगितलं की माझा देह कुठेही ठेवा, वेदीपाशी माझी आठवण तेवढी करा.

नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांच्या नावांची पेटी असते. त्यात टाकायचा कागद घरी बसून लिहा, घाईत दारात नको. नाव, नातं आणि गाव लिहा. आजीचं माहेरचं नाव लक्षात नसेल तर आत्याला विचारा, आत्या असेपर्यंतच ते कळणार आहे.